कोल्हापुरात नवीन आलात? इंग्रजी बोलायला असं लागा

गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडी, राधानगरीकडून कोल्हापुरात आलात की खोली, मेस आणि केएमटी बसचा पास हे पहिल्या पंधरवड्यात मार्गी लागतं. अडतं ते बोलायला. विद्यापीठात पहिला सेमिनार लागतो, नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं इंटरव्ह्यूचा फोन येतो, आणि व्याकरणात चांगले मार्क घेतलेली मुलंमुलीसुद्धा 'माय नेम इज'च्या पुढं सरकत नाहीत. शाळेत दहा वर्षं इंग्रजी हातानं लिहिलं, डोळ्यांनी वाचलं, पण तोंडाला त्याची सवय लागलीच नाही. ती लावायची तर रोज मोठ्यानं बोलावं लागतं.

क्लास लावायच्या आधी एक हिशेब करा. बॅच 30 जणांची, तास 1. सरांनी अवाक्षर काढलं नाही तरी एकेकाच्या वाट्याला 2 मिनिटं येतात, आणि सर तर बोलणारच. बॅच 8-10 जणांची असेल आणि निम्मा वेळ मुलांना जोडीनं बोलायला लावत असतील तर खुशाल पैसे भरा. नाहीतर तेच पैसे मेसला ठेवा.

सराव रोज 25 मिनिटं, आठवड्यातले 6 दिवस. रविवारी 3 तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

विषय स्वतःच्या माहितीतला घ्या. ग्लोबल वॉर्मिंगवर बोलायला गेलात तर मुद्देही शोधायचे आणि शब्दही, दोन्ही ओझी एकदम डोक्यावर. त्यापेक्षा गुऱ्हाळ घ्या, ते डोळ्यांपुढं असतं. 'वी क्रश द केन. वी बॉइल द जूस इन अ बिग पॅन. वी ॲड ओक्रा जूस. द डर्ट कम्स अप, ॲन्ड वी टेक इट ऑफ. देन वी पोअर इट ॲन्ड लेट इट कूल.' काहिलीला 'बिग पॅन' झालं, मळीला 'डर्ट' झालं, कुठं काही अडलं नाही. डिक्शनरीत काहील शोधत बसलात तर बोलणं तिथंच थांबतं. शब्द नसेल तर वस्तू कशी दिसते, कशाला लागते ते सांगून पुढं जायचं, हीच सवय पुढं इंटरव्ह्यूत उपयोगी पडते.

आता हे मोबाइलवर 1 मिनिट रेकॉर्ड करा. ऐका, आणि जसं बोललात तसंच वहीत उतरवा, 'अं… अं…' सकट. चुका दहा सापडतील, पण धरायच्या फक्त 2. तेवढ्या सुधारून परत रेकॉर्ड करा, आणि मग आणखी एकदा. याला 15 मिनिटं लागतात. संध्याकाळी तोच विषय जोडीदाराला सांगा: पहिल्यांदा 4 मिनिटांत, मग 3, मग 2. सांगायचं तेच असल्यामुळं डोकं मोकळं राहतं, आणि वेळ कमी होत जातो तसे मधले थांबे आपोआप गळतात. ऐकणारा दर वेळी वेगळा मिळाला तर फारच उत्तम. एक करू नका: सगळं लिहून पाठ करणं. पाठांतरातला एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ तुटते. कागदावर 5 शब्द लिहा, बाकीचं त्या वेळी जुळवा.

जोडीदार आपल्याच पातळीचा हवा. बोर्डिंगात राहणाऱ्यांना तो आयता मिळतो. शाहू महाराजांनी 1901 पासून इथं बोर्डिंगं उभी केली ती शिकायला येणाऱ्या पोरांची सोय व्हावी म्हणूनच, तेव्हा खोलीतल्या सोबत्याला हक्कानं विचारा. समोरासमोर बसलं की लाज वाटते, म्हणून रंकाळ्याला फेरी मारत बोला. शेजारी चालताना कुणी तोंडाकडं बघत नाही. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही. इंग्रजी शब्द सुचला नाही तर तिथं मराठी टाकायचा आणि वाक्य पुरं करायचं. चुका शेवटी सांगायच्या, त्याही दोनच, पाहिजे तर गंगावेशीत दूध पिता पिता. 'लई इंग्लिश झाडायलास की!' म्हणणारा एखादा भेटणारच. त्याच्याशी वाद घालू नका, सराव मात्र त्याच्यासोबत नको.

कान तयार व्हायला बीबीसीचा '6 मिनिट इंग्लिश' घ्या. तो फुकट आहे आणि लिखित मजकूरही मिळतो. त्यातला 1 मिनिटाचा तुकडा लावून, आवाजाच्या किंचित मागं राहून सोबत बोलायचं. तोच तुकडा 3 दिवस.

आपल्या मराठीमुळं होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. सगळ्यांत महागात पडते ती 'हो-नाही'ची. साहेब विचारतात, 'डिडन्ट यू सेंड द चलन?' मराठीत आपण 'हो, नाही पाठवलं' म्हणतो, म्हणून तोंडातनं 'येस' जातं. इंग्रजीत त्याचा अर्थ 'पाठवलं' असा होतो, आणि माल गेटवर अडकल्यावर सगळ्यांना कळतं. यावर इलाज एकच: नुसतं 'येस' किंवा 'नो' कधी म्हणायचं नाही. 'नो, आय डिडन्ट' किंवा 'येस, आय डिड' असं पुरं म्हणायचं. जोडीदाराला असे 10 उलटे प्रश्न रोज विचारायला लावा, आठवड्याभरात जीभ वळते. दुसरी चूक 'काल आलो होतो'ची. तिचं 'आय हॅड कम येस्टरडे' होतं, पाहिजे 'आय केम येस्टरडे'. तिसरी, '2 वर्षं इथं राहतोय'चं 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स'. पाहिजे 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. 'सिन्स'नंतर सुरुवात कधी झाली ते येतं, 'फॉर'नंतर किती काळ ते.

उच्चारात गोऱ्या साहेबाची नक्कल करायची गरज नाही. आपला हेल राहू दे. फक्त जिथं अर्थ बदलतो तिथं लक्ष द्या. 'लिव्ह' म्हणजे राहणं, 'लीव्ह' म्हणजे निघणं, आणि आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ सारखेच करतो. 'वर्क्ड'च्या शेवटी नुसता ट् येतो, 'वर्केड' नाही. 'डेव्हलप' आणि 'हॉटेल'मध्ये जोर शब्दाच्या दुसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'व्हल'वर आणि 'टेल'वर असतो.

आकड्यांत तर हमखास घोटाळा होतो. 'फिफ्टीन'मध्ये जोर शेवटी, 'फिफ्टी'त सुरुवातीला, आणि फोनवर दोन्ही एकच ऐकू येतात. म्हणून '15 पीसेस, वन फाइव्ह' असं सुटं करून सांगा, आणि समोरच्यानं दिलेला आकडा त्याला परत म्हणून दाखवा. कळलं नसेल तर 'येस, येस' करू नका. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' हे वाक्य पहिल्याच दिवशी तोंडात बसवा.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग पुसू नका. 6 आठवड्यांनी गुऱ्हाळावर परत 1 मिनिट बोला, दोन्ही लागोपाठ ऐका, आणि दोन्हींत 2 सेकंदांपेक्षा मोठे थांबे किती आहेत ते मोजा.