ट्रेनिंगमधून परफॉर्मन्स कन्सल्टिंगकडे वळताना या चुका टाळा

कार्डावर ‘परफॉर्मन्स कन्सल्टंट’ (नुसतं न शिकवता काम कुठे अडतंय ते शोधून सोडवणारा) असं छापून आलं तरी प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन जुनाच असतो: “रात्रपाळीत रिजेक्शन वाढलंय, पोरांचं दोन दिवस ट्रेनिंग लावा.” आणि आपण सवयीने तारखा देऊन टाकतो. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

आधी रात्रपाळीत लाइनवर जाऊन उभे राहा. समजा, शाफ्टचा व्यास तपासायचा गेज क्वालिटीच्या खोलीत कुलपात आहे आणि किल्ली रात्री कुणाकडेच नाही. ऑपरेटर पीस अंदाजाने पुढे सोडतो. दिवसपाळीला आला की तोच माल चोख काढतो. त्याला वर्गात बसवून शिकवणार काय? कामातल्या अडचणींवर लिहिणाऱ्या रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये मांडलेला प्रश्न इथे विचारा: जिवावर बेतलं तर याला हे काम जमेल का? जमत असेल तर अडचण ज्ञानाची नाही.

मग ती कुठे आहे? काम कशामुळे अडतं ते शोधायच्या थॉमस गिल्बर्ट यांच्या 1978 च्या चौकटीत सहा खाने आहेत. माहिती, साधनं आणि मोबदला हे कंपनीच्या हातातले. ज्ञान, क्षमता आणि इच्छा हे माणसाकडचे. ट्रेनिंगने मुख्यतः ज्ञानाचा खाना भरतो. शोध कंपनीच्या बाजूने सुरू करा, असं गिल्बर्ट सांगत. तिथली दुरुस्ती बहुधा स्वस्तात होते. हा तक्ता मात्र स्वतःच्या वहीत ठेवा. मीटिंगमध्ये दाखवलात की लोक मोबाइल काढतात.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि “हा ट्रेनिंगचा विषयच नाही” म्हणून मोकळे होतात. सकाळच्या मीटिंगमध्ये बोलणी खाऊन आलेल्या मॅनेजरला ती टाळाटाळ वाटते. त्यापेक्षा म्हणा, “बघतो. रिजेक्शन किती टक्के आहे, किती चालेल आणि कधीपासून वाढलं, एवढं सांगा.”

गेजचा पत्ता लागला की प्लांट हेडला सीसीत ठेवून मेल टाकू नका. गेज हरवतात म्हणूनही कुलूप लावलेलं असू शकतं. आधी क्वालिटी हेडला एकटं गाठा. रात्रीच्या सुपरवायझरकडे नोंद करून किल्ली द्यायची, हे त्यांच्याच तोंडून ठरू द्या.

ट्रेनिंगचा उपयोग किती झाला ते मोजायच्या कर्कपॅट्रिक यांच्या प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन आणि परिणाम या चार पातळ्या आपल्याला पाठ असतात. फॉर्म मात्र पहिल्या पातळीचेच भरले जातात. त्यातून तुमच्या केआरएत (वर्षभराच्या कामाच्या ठरलेल्या निकषांत) अजून ‘ट्रेनिंग मॅनडेज’, म्हणजे किती माणसांना किती दिवस शिकवलं तो आकडा, असतील, तर किल्लीचा प्रश्न सोडवूनही अप्रेझलला तुम्ही मागेच दिसाल. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच साहेबांशी बोलून तो आकडा बदलून घ्या. निदान त्याच्या शेजारी रिजेक्शनचा आकडा बसवा आणि किल्लीची सोय झाल्यावर महिनाभर तोच बघा. उतरला नाही, तर वहीतला पुढचा खाना तपासायला घ्या.