युरोव्हॉलीचा तक्ता मांडायचाय? आधी सहा नंबर लिहा

महिलांची युरोपियन व्हॉलीबॉल स्पर्धा नुसती बघायची असेल तर चहा आणि चार्जर पुरे. मॅच बघता बघता रोटेशनचा, म्हणजे सर्व्हिस परत मिळाली की सहाही जणी एकेक जागा पुढे फिरतात त्याचा तक्ता भरायचाय, संघ नेमका कुठे अडकतो ते शोधायचंय आणि त्यातलं काही आपल्या मुलींच्या सरावात वापरायचंय, अशांसाठी ही यादी आहे.

जे हमखास राहतं तेच आधी. प्रत्येक सेटची पहिली सर्व्हिस व्हायच्या आत दोन्ही संघांच्या सहा-सहा खेळाडूंचे नंबर आपापल्या जागी लिहून झालेले पाहिजेत. प्रत्येक सेटला. पहिल्या सेटचे नंबर दुसऱ्या सेटला चालत नाहीत, कारण दर सेटआधी प्रशिक्षक नवी लाइनअप स्लिप, म्हणजे कोण कुठल्या जागी उभी राहणार त्याची चिठ्ठी देतो. त्याच सहा जणी ठेवून तो त्यांना दोन घरं पुढे-मागे फिरवू शकतो, म्हणजे आपली मुख्य स्मॅशर समोरच्यांच्या बुटक्या ब्लॉकसमोर येते. सुरुवात चुकली की पुढची प्रत्येक रेघ चुकीच्या खान्यात पडते, आणि हे कळतं सेट संपल्यावर, बेरीज जुळेना तेव्हा.

आता वेळापत्रक. २०२६ ची स्पर्धा २१ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर, चार देशांत: तुर्किये, चेकिया, स्वीडन आणि अझरबैजान. वेळा तिथल्या स्थानिक असतात. बाकू (अझरबैजान) आपल्यापेक्षा दीड तास मागे, इस्तंबूल अडीच तास, ब्रनो (चेकिया) आणि गोथेनबर्ग (स्वीडन) साडेतीन तास. म्हणजे तिथल्या रात्री ८ ची मॅच आपल्याकडे बाकूची असेल तर ९:३० ला, इस्तंबूलची १०:३० ला, ब्रनोची ११:३० ला. पाच सेट झाले तर ब्रनोची मॅच दीड-दोनपर्यंत सहज जाते. सकाळची शिफ्ट असेल तर बाकूचा गट धरा किंवा रेकॉर्डिंगवर काम करा. रेकॉर्डिंग थांबवता येतं, मागे नेता येतं. तक्त्यासाठी तेच बरं. फक्त स्कोअर सांगणारे ग्रुप तेवढे म्यूट करा.

सगळ्या मॅचेस मांडायच्या नादाला लागू नका. २४ संघ, सहाचे चार गट, गटात प्रत्येक संघाच्या पाच मॅचेस: गटांच्याच ६० झाल्या, बाद फेरीच्या १६ धरून ७६. एक संघ निवडा आणि त्याच्या पाच मॅचेस नीट मांडा. गटातून पहिले चार पुढे जातात, म्हणून शेवटच्या दिवशी निश्चिंत झालेला बलाढ्य संघ राखीव खेळाडू उतरवू शकतो. ती मॅच तक्त्यात वेगळी ठेवा, सरासरीत मिसळू नका. क्रमवारीत आधी जिंकलेल्या मॅचेस मोजतात, गुण त्यानंतर. ३-० किंवा ३-१ ला तीन गुण, ३-२ ला विजेत्याला दोन आणि हरणाऱ्याला एक. गुणांवरून क्रम लावून मोकळं होणाऱ्यांचं इथेच चुकतं.

संघाची माहिती ताजी काढा. मागच्या मोसमातल्या आठवणीवर खेळाडूची जागा धरू नका. २०२३ च्या याच स्पर्धेत तुर्कियेने मेलिसा वर्गासला अपोझिटला, म्हणजे सेटरच्या (मारायला चेंडू उचलून देणारीच्या) बरोबर समोरच्या जागेवर खेळवलं आणि आधी अपोझिट खेळणारी एब्रार काराकुर्ट डावीकडून स्मॅश मारायला, शिवाय रिसीव्हला, म्हणजे समोरची सर्व्हिस उचलायला उभी राहिली. त्याच स्पर्धेत इटलीच्या पाओला एगोनूऐवजी एकातेरिना अँत्रोपोवा अपोझिटला सुरुवात करत होती, तीही राष्ट्रीय संघात नवीकोरी. २०२१ ची इटली डोक्यात ठेवून बसलेल्याचा तक्ता पहिल्याच सेटला कोसळला असता. नावापेक्षा नंबर लिहा, आणि दोन संघांना दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा. २०२३ च्या अंतिम सामन्यात सर्बियाची तियाना बोश्कोविच १८ नंबर आणि तुर्कियेची झेहरा ग्युनेशही १८ नंबर. एकाच रंगात लिहिलं की पाचव्या रॅलीलाच गोंधळ.

सामान: सेटला एक ए-फोर कागद, म्हणजे मॅचला पाच. पेन्सिल, खोडरबर. पेन नको. व्हिडिओ चॅलेंजनंतर पॉइंट फिरतो आणि पेनाने मारलेली रेघ पुसता येत नाही. रॅली संपली की लगेच रेघ मारू नका, पडद्यावरचा स्कोअर बदलला की मारा. जमल्यास दोघं बसा, एक बोलणार आणि एक लिहिणार. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही.

कागदावर वर दोन छोटी कोर्टं काढा, प्रत्येकात सहा घरं. १ नंबरचं घर मागे उजवीकडे, सर्व्हिसचं. तिथून २ पुढे उजवीकडे, ३ पुढे मधे, ४ पुढे डावीकडे, ५ मागे डावीकडे, ६ मागे मधे. हे सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती पडद्यावर. कॅमेरा बाजूने असेल तर डावीकडच्या संघाचं १ नंबरचं घर पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात येतं आणि उजवीकडच्या संघाचं वरच्या उजव्या कोपऱ्यात. उजवीकडचा संघ बरोबर उलटा दिसतो. सेट संपला की बाजू बदलतात, म्हणजे आत्ता सवय झालेला संघ आता उलटा. म्हणून कागदावरची कोर्टंही पडद्यासारखीच आडवी, शेजारी-शेजारी काढा आणि दर सेटला संघांची अदलाबदल करा.

आता ते सहा नंबर मिळवायचे कसे. सेटआधी सहा जणी कोर्टावर येतात आणि दुसरा पंच हातातल्या स्लिपवरून एकेकीची जागा तपासतो. तोच क्षण. तपासणी होईपर्यंत लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत खेळणारी बचावाची खेळाडू, बाहेर असते, त्यामुळे समोर दिसतात त्या खऱ्या सहा. तपासणी झाली की लिबेरो आत येते आणि मागच्या फळीतली मिडल ब्लॉकर (पुढे आली की नेटच्या मधे ब्लॉक करणारी) बाहेर जाते. तुम्ही तेव्हा मान वर केलीत तर तक्त्यात लिबेरोचा नंबर लिहाल आणि तीन रोटेशनने पुढच्या फळीत लिबेरो निघेल, जे शक्यच नाही. प्रक्षेपणवाल्यांना नेमकं याच वेळी प्रेक्षकांतले रंगवलेले चेहरे दाखवायचे असतात. पहिल्या सेटला कधी लाइनअपची पाटी येते, पुढच्या सेटला तिचा भरवसा नाही. तेव्हा दोन सेटमधल्या तीन मिनिटांच्या विश्रांतीत चहाला उठू नका. आधी सहा नंबर, मग चहा.

नंबर लिहिले की समोरासमोरच्या जोड्या तपासा: १-४, २-५, ३-६. सेटरच्या समोर अपोझिट, एका मिडलच्या समोर दुसरी मिडल, डावीकडून मारणाऱ्या दोघीही तशाच. सेटर ६ मध्ये लिहिली आणि ३ मध्ये मिडल निघाली तर एक तरी नंबर चुकलाय. पाच सेकंदांचं काम आहे. टाळू नका.

क्षण हुकलाच तर सर्व्हिसच्या क्रमावरून मागे जाता येतं. इथे एक मेख आहे. सेटची पहिली सर्व्हिस ज्या संघाची, त्याच्या सर्व्हिस करणाऱ्या क्रमाने सुरुवातीच्या १, २, ३, ४, ५, ६ या घरांतल्या असतात. पण ज्या संघाने रिसीव्हने सुरुवात केली, तो सर्व्हिस मिळताच आधी फिरतो, म्हणून त्याची पहिली सर्व्हिस २ नंबरच्या घरातली खेळाडू करते आणि क्रम होतो २, ३, ४, ५, ६, १. हे विसरलं की अख्खा संघ एका घराने सरकतो. मधे सर्व्हिससाठी कोणी बदली आली असेल तर ती कोणाच्या जागी आली ते बघा आणि मूळ नंबर लिहा. लिबेरो आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व्हिस करत नाही, त्यामुळे या क्रमात ती येत नाही, तेवढीच सोय. आणखी एक: २०२५ पासूनच्या नियमांत सर्व्हिस करणाऱ्या संघाला कुठेही उभं राहायची मोकळीक आहे, तेव्हा त्यांच्या उभं राहण्यावरून घरं ओळखू नका. रिसीव्ह करणाऱ्या संघावरून ओळखा, त्यांना क्रम पाळावा लागतो. हा सगळा खटाटोप अर्थात सहा नंबर आधीच लिहिलेले असले तर लागतच नाही.

खाली मुख्य तक्ता. प्रत्येक संघाला सहा ओळी, सेटर कुठे आहे त्यावरून: १, ६, ५, ४, ३, २. रोटेशन याच क्रमाने पुढे सरकतं. सेटर १, ६, ५ मध्ये असताना पुढे तीन मारणाऱ्या, ४, ३, २ मध्ये असताना दोनच. प्रत्येक ओळीत दोन खाने: रिसीव्ह आणि सर्व्हिस. रॅली जिंकली तर उभी रेघ, हरली तर शून्य. बस. पहिल्या मॅचलाच रिसीव्हचा दर्जा, स्मॅशची दिशा, ब्लॉक किती जणींचा असलं सगळं लिहायला बसाल तर दुसऱ्या टाइमआउटपर्यंत पाच रॅली मागे पडाल. हात बसल्यावर रिसीव्हला ३, २, १, ० असे गुण द्या: सेटरला सगळे पर्याय उरले तर ३, दोन उरले तर २, लांबून उंच चेंडूच टाकावा लागला तर १, थेट पॉइंट गेला तर ०.

बदली झाली की मूळ नंबरशेजारी तिरकी रेघ देऊन नवा नंबर लिहा. सेटला सहा बदल्या. सुरुवातीची खेळाडू एकदाच परत येऊ शकते, तीही आपल्याच जागी. सगळ्यात जास्त गोंधळ उडवते ती दुहेरी बदली. सेटर पुढच्या फळीत येते तेव्हा तिच्या जागी राखीव अपोझिट आणि मागे गेलेल्या अपोझिटच्या जागी राखीव सेटर. पुढे पुन्हा तीन मारणाऱ्या. मुळातल्या दोघी परत आल्या की चार बदल्या खर्च. तुमच्या तक्त्यात मात्र सेटर अचानक समोरच्या घरात गेली, म्हणून ओळही बदला. बरेच जण इथे रोटेशन चुकलं असं समजून सगळं खोडतात. खोडू नका, मूळ सहा नंबर बघा आणि तिरकी रेघ द्या.

सेट संपला की पडताळा. २५-२२ म्हणजे ४७ रॅली. तुमच्या संघाच्या दोन्ही खान्यांत मिळून रेघा २५ आणि शून्यं २२ हवीत. दोन्ही संघांनी रिसीव्हवर जिंकलेल्या रॅलींचे आकडे सारखे असतात किंवा एकाने कमी-जास्त. फरक त्याहून मोठा निघाला तर कुठेतरी सर्व्हिस कोणाची तेच चुकलंय. एक-दोन रेघांची चूक असेल तर रेकॉर्डिंगमधून शोधा. सुरुवातीचे नंबरच चुकले असतील तर तो कागद बाजूला ठेवा आणि पुढच्या सेटचे सहा नंबर लिहायला बसा, कारण तिकडे पंच स्लिप घेऊन उभा असेल.

अर्थ लावताना घाई नको. एका सेटमध्ये एका रोटेशनला तीन-चारच रिसीव्ह येतात, त्यावरून टक्केवारी काढणं म्हणजे निव्वळ करमणूक. पाच मॅचेसची बेरीज झाली की एखादी ओळ ठळक खाली दिसते, बहुधा सेटर पुढे आणि मारणाऱ्या दोन अशी. मग बघा तो संघ तिथे काय करतो: मागच्या फळीतून अपोझिटला देतो की मिडलला लवकर चढवतो. हे मुलींना दाखवायला उपयोगी. नेटची उंची तिथेही २.२४ मीटरच, पण वर्गासचा मागच्या फळीतून मारलेला चेंडू शाळेतल्या मुलींकडून मागू नका.

बाद फेरी: संघ दोन्ही तुमच्या ओळखीचे असतील तर उत्तम, नसतील तर एकच मांडा. २०२३ चा अंतिम सामना तुर्कियेने सर्बियाविरुद्ध ३-२ असा काढला, म्हणजे पाच सेट, पाच कागद, पाच वेळा सहा नंबर. पाचवा सेट १५ चा आणि ८ वर बाजू बदलतात, तेव्हा पडद्यावरचं चित्र मधेच उलटतं. नंबर तेच राहतात, कोर्टाची चित्रं तेवढी फिरवा. पाचव्या सेटला सर्व्हिस कोणाची ते पुन्हा नाणेफेकीने ठरतं, गृहीत धरू नका.

मॅच संपली की प्रत्येक कागदावर तारीख, दोन्ही संघ, सेटचा नंबर आणि पहिली सर्व्हिस कोणाची ते लिहा. मोबाइलवर फोटो काढा. मग झोपा.