ज्युनिपर लावण्याआधीची तयारी : पुणे-नाशिककडच्या काळ्या मातीतल्या बागेसाठी

ज्युनिपर या सदाहरित शोभेच्या झाडाची मुळं कुजली तरी पाला पुढे कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. टोकं तपकिरी पडू लागतात, तोवर झाड वाचवायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणून निम्म्याहून जास्त काम रोप घरी आणण्याआधीच उरकायचं आहे.

मुहूर्त पावसाळा सरल्यावरचा, दसरा-दिवाळीच्या सुमाराचा धरा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळांना चार-पाच महिने मिळतात. जागा अशी निवडा की रोज किमान सहा तास थेट ऊन येईल. सावलीत झाड विरळ होतं आणि खालून उघडं पडतं. पश्चिमेकडून तापणाऱ्या भिंतीपासून चार फूट तरी दूर राहा. लॉनच्या फवाऱ्याच्या टप्प्यात तर मुळीच नको. घरात कुत्रा असेल तर आडोसा करा, त्याच्या मूत्राने खालच्या फांद्या करपतात.

आता निचरा, आणि इथे घाई करू नका. ठरलेल्या जागी फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरून पट्टी उभी करा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं तर जागा चालेल. त्याहून कमी उतरलं तर खड्ड्यात वाळू ओतून भागत नाही. भोवतालची काळी माती घट्टच राहते आणि खड्डा हौदासारखा तुंबतो. अशा जागी जमिनीवरच दीड फूट उंच आणि चार फूट रुंद उंचवटा करा. त्यासाठी दोन घमेली पोयटा माती, एक घमेलं बारीक मुरूम किंवा कच आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, याच प्रमाणात लागेल तेवढं मिश्रण करून ठेवा. ताजं शेण किंवा रासायनिक खत लावणीच्या वेळी नको.

रोप घेताना चायनीज ज्युनिपर मागा. आपल्याकडे तो सहज मिळतो. उभा वाढणारा की पसरणारा, आणि पुरता वाढल्यावर किती रुंद होईल, हे विचारूनच अंतर ठरवा. पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर ठिपके चालू लागले तर लाल कोळी (पाल्यातला रस शोषणारी बारीक कीड) आहे, ते रोप तिथेच सोडा. आतल्या बाजूचा जुना पाला वाळलेला असेल तर काळजी नाही, ते वयानुसार होतं. टोकं वाळलेली नसावीत. पिशवीतला मुळांभोवतीचा गड्डा चिकट लाल मातीचा असेल तर बाहेरून पाणी आत शिरत नाही. बादलीत भिजवून बाहेरची दोन बोटं माती हलक्या हाताने सोडवायला लागेल, त्याची तयारी ठेवा. गोल फिरलेली मुळंही तेव्हाच मोकळी करा.

लावणीच्या दिवशी कुदळ, खुरपं, सिकेटर (छाटणीची कात्री), ती पुसायला स्पिरिट, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हाताशी असू द्या. कोवळा सुईसारखा पाला टोचतो आणि काहींच्या अंगावर पुरळ उठतो. खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, खोल मात्र तेवढाच. गड्ड्याचा माथा जमिनीच्या इंचभर वर राहिला पाहिजे. बुंधा मातीत पुरला तर साल कुजते. वाळलेल्या पानांचं दोन इंची आच्छादन घाला, बुंध्यापासून चार बोटं मोकळी ठेवून.

पाणी पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी, नंतर आठवड्याला एकदा साधारण दहा लिटर. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. दर वेळी बोट दोन पेरं खुपसून बघा, आत ओल लागली तर पाणी देऊ नका. जूनआधी आळं मोडून टाका.

मार्चपासून कोळी वाढतो. पाला धुळकट राखाडी दिसला की सकाळी पाईपने जोराची धार आतून-बाहेरून मारा, आठवड्यातून दोनदा. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कोळ्यावर चालत नाही. निळसर पाल्याच्या जातींवर कडुनिंबाचं तेलही नको, पानांवरचा मेणाचा थर जाऊन निळाई उतरते.

छाटणी फेब्रुवारीत, फक्त हिरव्या भागापुरती. पाला नसलेल्या तपकिरी लाकडात काप गेला तर तिथून पुन्हा फूट येत नाही.