अंमलबजावणीच्या अभ्यासगटात बसण्यापूर्वी

धोरणाची अंमलबजावणी शिकण्यासाठी, आपल्यासारखेच काम करणाऱ्या दहा-बारा जणांच्या गटात काही महिने बसायचे ठरले की बहुतेक जण आधी वाचनाची यादी मागतात. वाचन होत राहील. सोबत न्यायची पहिली वस्तू म्हणजे स्वतःच्या कामातला, अद्याप न सुटलेला आणि ज्याचे उत्तर आपल्याला खरोखरच ठाऊक नाही असा एक प्रश्न. यशोगाथा घरीच ठेवाव्यात. त्यांना कौतुक मिळते आणि चर्चा तिथेच थांबते.

हा प्रश्न एका पानात लिहून काढावा आणि लिहून झाल्यावर त्यात ‘अभाव’, ‘अपुरे’, ‘नाही’ असे शब्द किती वेळा आले आहेत ते पाहावे. ‘आमच्याकडे संगणकीकृत नोंदवही नाही’ हा प्रश्न नव्हे. मनाशी आधीच ठरवून टाकलेले उत्तर तिथे प्रश्नाचा वेश घेऊन आलेले असते, आणि संगणक खरेदी झाले की तो कागदोपत्री सुटतोही. ‘पात्र अर्जदारांपैकी निम्म्यांना पहिला हप्ता मिळायला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो’ असे लिहिले, म्हणजे त्रास कोणाला होतो, किती होतो आणि तो कमी झाला हे कशावरून ओळखायचे, या तिन्ही गोष्टी एका वाक्यात येतात. मॅट अँड्र्यूज, लँट प्रिचेट आणि मायकेल वूलकॉक या अभ्यासकांनी मांडलेली पद्धत याच क्रमाने चालते: आधी प्रश्न, मग लहानसा प्रयत्न, त्यातून जे कळेल त्यानुसार पुढचे पाऊल. दुसरीकडच्या नावाजलेल्या संस्थेचे बाह्यरूप, म्हणजे तिचे नियम, समित्या आणि तक्ते, उचलून आणल्याने काम करण्याची क्षमता येत नाही, हा त्यांचा इशाराही ध्यानात ठेवावा.

प्रश्न ठरल्यावर त्याची कारणे जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, माशाच्या काट्यासारख्या आकृतीत मांडावीत. प्रत्येक काट्याशी ‘हे का होते?’ असे चार-पाच वेळा विचारावे. ही आकृती पेन्सिलीने काढलेली बरी, कारण पहिल्याच बैठकीत तिचे दोन-तीन काटे पुसावे लागतात.

आता सर्वांत कंटाळवाणी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची तयारी. निकाली निघालेले एखादे जुने प्रकरण कपाटातून काढावे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त तारखा उतरवून घ्याव्यात. मी हे पहिल्यांदा केले, तेव्हा आवक शिक्क्यानंतर चौदाव्या दिवशी ‘त्रुटी पूर्तता करावी’ एवढाच शेरा आढळला. त्रुटी कोणती हे कुठेच लिहिलेले नव्हते, अर्जदाराला पत्र गेल्याची नोंदही नव्हती, आणि पुढचा कागद एक्केचाळीस दिवसांनंतरचा होता. आढावा बैठकांत आम्ही वर्षभर निधीच्या विलंबावर बोलत होतो. एकाच प्रकरणावरून निष्कर्ष काढू नये हे खरे, म्हणून अशी निदान दहा प्रकरणे पाहावीत.

ही प्रकरणे पाहतानाच, हे काम पूर्ण व्हायला किती जणांची संमती लागते तेही मोजून ठेवावे. अमेरिकेतील ओकलंड शहरात रोजगारनिर्मितीसाठी १९६६ मध्ये सुमारे २.३ कोटी डॉलरचा संघीय कार्यक्रम जाहीर झाला. उद्दिष्टाला उघड विरोध फारसा नव्हता, पैसाही मंजूर होता, तरी काम रखडत गेले. जेफ्री प्रेसमन आणि आरन विल्डाव्स्की यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या वाटेवरच्या ७० संमती मोजल्या. हिशेब साधा आहे: प्रत्येक संमती मिळण्याची शक्यता ९९ टक्के धरली आणि सगळ्या परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तरी सत्तरच्या सत्तर मिळण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी भरते, ९५ टक्के धरली तर ती तीन टक्क्यांच्याही खाली येते. आपल्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन खुणा कराव्यात: या व्यक्तीला अधिकार आहे का, तिला हे काम पटले आहे का, आणि ते करण्याची क्षमता तिच्या कार्यालयात आहे का. मधली खूण करताना आपण स्वतःला फसवतो, असा अनुभव आहे. बैठकीत मान डोलावली म्हणजे पटले असे नव्हे.

या यादीत खिडकीवर बसणारा कर्मचारी बहुधा सुटतो. नागरिकांना प्रत्यक्ष भेटणारे कर्मचारी रोज जे निर्णय घेतात, तेच त्या नागरिकांपुरते धोरण ठरते, असे राज्यशास्त्रज्ञ मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्येच मांडले होते. गटाच्या पहिल्या बैठकीआधी अशा एका कर्मचाऱ्याशेजारी अर्धा दिवस, तपासणीचा आव न आणता, बसून यावे.

वरिष्ठांची लेखी परवानगी, आठवड्यातली ठरावीक वेळ, कागदांवरची अर्जदारांची नावे खोडणे आणि गटात बोललेले बाहेर न नेण्याचा करार, ही कामे किरकोळ वाटली तरी आधीच उरकावीत.

राहिली ती सहाध्याय्यांसाठीची तयारी. ब्रिटनमधील कोळसा खाणींचे १९४७ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, त्या सुमारास रेग रेव्हन्स यांनी खाण व्यवस्थापकांना लहान गटांत एकमेकांच्या अडचणींवर बोलायला बसवले. शिकणे म्हणजे तयार ज्ञान आणि त्यात नेमक्या प्रश्नांची भर, अशी त्यांची मांडणी होती. आपण मात्र दुसऱ्याची अडचण अर्धी ऐकतो आणि सल्ला सुरू करतो. म्हणून पहिली वीस मिनिटे केवळ प्रश्न विचारायचे, असे स्वतःवर बंधन घालून घ्यावे आणि वहीत काही प्रश्न लिहूनच न्यावेत: हे कोणी तपासले, यापूर्वी काय करून पाहिले, हे असेच राहिले तर सोय कोणाची होते. आरोग्य खात्यातल्या माणसाने महसुलातल्या माणसाला विचारलेला अगदी बाळबोध प्रश्न पुष्कळदा कामाचा ठरतो, कारण त्या खात्यात तो विचारायची कोणाला लाजच वाटत असते. प्रत्येक बैठकीतून उठताना पुढच्या दोन आठवड्यांत आपल्याच अधिकारात करता येईल असे एक पाऊल सांगावे, आणि पुढच्या वेळी ते जमले नसेल तर कुठे अडले ते तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

सुरुवातीला लिहिलेल्या त्या एका पानावर तारीख घालून ते जपून ठेवावे आणि सुधारणा त्यावर न करता नव्या पानावर कराव्यात. गट संपेपर्यंत प्रश्नाची मांडणी दोन-तीनदा तरी बदलते, आणि कोणाच्या कोणत्या प्रश्नानंतर ती बदलली हे त्या पानांच्या कडेला लिहून ठेवले नाही, तर महिन्याभरात आठवतही नाही.