परसातल्या किड्यांचे फोटो कसे काढावेत: आधी प्रकाश, मग लेन्स

फोटोग्राफीचा छंद असलेली दोन-तीन माणसं एकत्र आली की गप्पा लेन्सवर यायला वेळ लागत नाही. कुणी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स घेतलेली असते, कुणाला बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलायची असते, कुणाची ऑटोफोकसबद्दल तक्रार असते. या गप्पा मलाही मनापासून आवडतात. पण घरामागच्या परसात किड्यामुंग्यांचे फोटो मनासारखे येत नसतील, तर बहुतेक वेळा दोष लेन्सचा नसतो. प्रकाश कडक पडलेला असतो किंवा किडा कुठे आणि कधी निवांत सापडेल हे ठाऊक नसतं. म्हणून आधी झुडूप, मग प्रकाश आणि त्यानंतर लेन्स, या क्रमाने जाऊ.

एक झुडूप ठरवून घ्या

परसभर कॅमेरा घेऊन फिरलात तर सगळं दिसतं आणि हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा एखादं झुडूप ठरवा आणि रोज तिथेच जा. कोवळे शेंडे फुटलेलं असेल तर उत्तम, आणि त्या शेंड्यांवर मावा पडला असेल तर सोन्याहून पिवळं!

मावा म्हणजे शेंड्याला आणि पानाच्या पाठीला चिकटून रस शोषणारे बारीक हिरवे, काळे, पिवळे किडे. बागकाम करणाऱ्याला ते डोळ्यासमोरही नको असतात. फोटो काढणाऱ्याने मात्र निदान एक शेंडा तसाच राहू द्यावा आणि त्या झुडपावर औषध फवारू नये. कारण शोषलेल्या रसातली जास्तीची साखर मावा गोड, चिकट थेंबाच्या रूपात बाहेर टाकतो आणि तो थेंब टिपायला मुंग्या येतात. नीट जवळून पाहा: मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थापटते, माव्याच्या मागच्या टोकाला एक चकचकीत थेंब फुगतो आणि मुंगी तो तोंडाने उचलते. एका शेंड्यावर हे सतत चाललेलं असतं. एकदा हुकलं तरी पुन्हा संधी मिळते.

मावा खाणारेही मागोमाग येतात. लाल-काळा ढालकिडा आपल्याला ओळखू येतो, पण त्याची अळी पाहून पुष्कळांना ती वेगळ्याच किड्याची वाटते. ती लांबट, काळसर आणि खडबडीत असते, छोट्या सुसरीसारखी, आणि माव्याचा फडशा पाडण्यात मोठ्या ढालकिड्याच्या तोडीस तोड असते. मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेली, हवेत एका जागी तरंगणारी सिरफिड माशी अंडी घालायला इथेच येते, कारण तिच्यातल्या अनेक जातींच्या अळ्या माव्यावर वाढतात. मधमाशी की माशी हे ओळखायचं तर पंख मोजा: मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. नशीब चांगलं असेल तर पानावर बारीक धाग्यासारख्या देठाच्या टोकाला उभं असलेलं एखादं अंडंही दिसेल. ते क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याचं. मॅक्रोसाठी याहून देखणा विषय परसात क्वचितच सापडतो.

वेळ सकाळची. कीटकांच्या अंगातली ऊब बव्हंशी भोवतालच्या हवेवर आणि उन्हावर ठरते, त्यामुळे पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात आणि कॅमेरा जवळ नेला तरी चटकन उडत नाहीत. ऊन चढलं की तोच किडा हाती लागत नाही. फुलपाखरं सकाळच्या कोवळ्या उन्हात पंख पसरून अंग तापवतात, तीच त्यांची निवांत घटका. चतुर याला थोडा अपवाद आहे. त्याच्या काही जाती एकाच काडीवरून झेप घेतात आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतात. तिथे उडालेल्या चतुराच्या मागे धावू नका. काडीवर फोकस करून थांबा.

प्रकाश मऊ करा

माझ्या मते या छंदातलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच.

उघड्या फ्लॅशने काढलेला ढालकिड्याचा फोटो मोठा करून बघा. पाठीवर एक छोटा, पांढराफटक ठिपका दिसेल. त्या ठिपक्यात रंगही नाही आणि पोतही नाही. तो ठिपका म्हणजे तुमच्या फ्लॅशचं प्रतिबिंब. किड्याच्या जागेवरून तुमचा दिवा जेवढा दिसतो, तेवढाच तो पाठीवर दिसतो. दिवा मोठा केला तर प्रतिबिंब पसरट होतं, त्याची तीव्रता कमी होते आणि खालचा लाल रंग दिसायला लागतो. डिफ्यूझरचं, म्हणजे फ्लॅशपुढे लावायच्या पांढऱ्या पडद्याचं, सगळं काम एवढंच आहे: किड्याला दिसणारा दिवा मोठा करणं.

दिवा मोठा करायचे दोन मार्ग आहेत. एक, पडदा मोठा घ्यायचा. दुसरा, पडदा किड्याच्या जवळ आणायचा. दुसरा मार्ग जास्त परिणामकारक. फ्लॅशच्या डोक्यावर चिकटवलेली पांढरी प्लॅस्टिकची टोपी मॅक्रोमध्ये फारशी कामाची नाही, कारण ती किड्यापासून लांब राहते आणि आकारानेही लहान असते.

घरी डिफ्यूझर असा करून पाहा:

१. जाड कार्डशीटचा फ्लॅशच्या डोक्यावर घट्ट बसेल असा बोगदा करा. आतून चकाकता अॅल्युमिनियमचा कागद लावा, म्हणजे प्रकाश वाया जात नाही. बोगदा लेन्सच्या टोकापर्यंत पोचेल इतका लांब आणि पुढे रुंद होत जाणारा हवा.

२. पुढच्या तोंडाला पांढरा पडदा लावा. नाजूक वस्तूंना गुंडाळून येतो तो पातळ पांढरा फोम उत्तम, ट्रेसिंग पेपरही चालतो. पडदा सपाट न ठेवता लेन्सच्या वरून पुढे कमानीसारखा वाकवा.

३. आता परसात न जाता स्टीलचा चमचा उपडा ठेवा आणि त्याच्या फुगीर पाठीचा फोटो काढा. चमच्यात तुमच्या दिव्याचा आकार जसाच्या तसा दिसेल. मधोमध पांढरा जळका भाग आणि कडेला अंधार असेल, तर फ्लॅश आणि पडदा यांत आणखी एक थर घाला. पडदा सगळीकडे सारखा उजळेपर्यंत बदल करत राहा.

चमच्याची ही चाचणी मला फार मोलाची वाटते. किडा हलतो, पान हलतं, त्यामुळे बाहेर गेल्यावर नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. चमच्यात ते लगेच दिसतं.

फ्लॅश नसेल तर ढगाळ दिवस निवडा. कडक उन्हात किड्यावर पांढऱ्या कापडाची सावली धरा, एवढ्यानेही चित्र बदलतं.

हातातल्या लेन्सला जवळ न्या

मॅक्रो लेन्स १:१ पर्यंत जाते असं म्हणतात, तेव्हा अर्थ असा: किडा प्रत्यक्षात जेवढा, सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर) त्याची प्रतिमा तेवढीच. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, म्हणजे १० मिलिमीटरची माशी फ्रेमच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी जागा घेणार. मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर सुमारे १७ मिलिमीटरचा, तिथे तीच माशी निम्म्याहून जास्त फ्रेम भरते. किड्यांसाठी लहान सेन्सर हा कमीपणा नाही, हे गप्पांमध्ये कुणीतरी ठासून सांगायला हवं.

मॅक्रो लेन्स नसेल तर तीन मार्ग आहेत. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, तिच्यात काच नसते. हिशेब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा). ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची नळी लावली की मोठेपणात ०.५ ची भर (मोठेपणा म्हणजे प्रतिमा किड्याच्या किती पट ते, १:१ ला तो १). २०० च्या लेन्सला तीच नळी लावली तर जेमतेम ०.१२. म्हणून नळी छोट्या लेन्सला लावायची.

लांब झूम असेल तर पुढे लावायची क्लोज-अप लेन्स घ्या. तिचा हिशेब उलट आहे, लेन्स जितकी लांब तितका मोठेपणा जास्त. डायॉप्टर हे काचेच्या ताकदीचं माप. ४ डायॉप्टरच्या क्लोज-अप लेन्सची फोकल लेंग्थ २५० मिलिमीटर. ती २०० मिलिमीटरच्या झूमला लावून फोकस अनंतावर ठेवला तर मोठेपणा ०.८ होतो आणि किडा काचेपासून साधारण २५ सेंटिमीटरवर राहतो. एका काचेची स्वस्त क्लोज-अप लेन्स कडांना रंग सोडते. दोन काचा जोडून केलेली अॅक्रोमॅट घ्यावी. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही ८ डायॉप्टरची क्लिपवाली लेन्स हौशी मंडळींत लोकप्रिय आहे, ती याच हिशेबाने चालते.

तिसरा मार्ग लेन्स उलटी लावण्याचा. रिव्हर्स रिंगने जुनी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी जोडली की जवळजवळ १:१ मिळतं. अॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग असलेली जुनी लेन्सच घ्या. नव्या लेन्सचं अॅपर्चर बॉडीकडून चालतं आणि उलटी केल्यावर तो संपर्क तुटतो.

मॅक्रो लेन्स विकत घेणारच असाल तर 'किमान फोकस अंतर' या आकड्याने फसू नका. ते सेन्सरपासून मोजतात. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोचं हे अंतर साधारण ३० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण १:१ ला लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत १२ ते १५ सेंटिमीटरच उरतात. ५०-६० मिलिमीटरच्या मॅक्रोला तर त्याहून कमी. एवढ्या जवळ गेल्यावर किडाही बिचकतो आणि लेन्सची सावलीही पडते. उडणाऱ्या किड्यांसाठी १०० च्या आसपासची लेन्स घ्यावी असं मी म्हणतो ते यासाठी.

सेटिंग आणि फोकस

फ्लॅशसाठी सुरुवात अशी करा: मॅन्युअल मोड, शटर १/१६० किंवा १/२००, अॅपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅशही मॅन्युअलवर, शक्ती १/८. फोटो उजळ आला तर शक्ती कमी करा. शक्ती जितकी कमी तितकी चमक अल्पकाळ टिकते आणि हात किंवा पान हललं तरी फोटो शार्प येतो. मागचं सगळं काळंकुट्ट येत असेल तर किड्यामागे जवळच एखादं पान येईल असा कोन शोधा किंवा आयएसओ वाढवा.

अॅपर्चर आणखी बंद करून सगळा किडा शार्प करण्याचा मोह होतो. पण १:१ ला एफ/८ प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं: प्रकाश तेवढा घटतो आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, बारकावे मऊ पडायला लागतात. फुल-फ्रेमवर एफ/८ ला फोकसमध्ये राहणारी जाडी तरी जेमतेम १ मिलिमीटर. म्हणून अॅपर्चरपेक्षा कोनाकडे लक्ष द्या. फुलपाखराचा पंख सेन्सरला समांतर धरलात तर पंखभर नक्षी एका फोटोत येते. समोरून घेताना डोळे शार्प असले की बाकीचं थोडं विरघळलेलं चालतं.

ऑटोफोकस बंद करा. हवा तेवढा मोठेपणा आधी लेन्सवर ठरवा, मग रिंगला हात न लावता अंग किंचित पुढे-मागे झुलवत डोळा शार्प दिसला की बटण दाबा. आधार हवा असेल तर डाव्या हाताच्या बोटांत किडा बसलेली काडी हळूच धरा आणि लेन्सचं टोक त्याच हातावर टेकवा. मग काडी हलली तरी कॅमेराही तिच्याबरोबर हलतो. ट्रायपॉडपेक्षा ही पकड मला परसात जास्त उपयोगी वाटते.

अनेक फोटो जोडून पूर्ण किडा शार्प करायचा असेल, तर याच पकडीत फोकस डोळ्यापासून मागे सरकवत सलग फोटो घ्या आणि हेलिकॉन फोकस किंवा जेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. किडा स्थिर असेल तरच हा उद्योग करावा.

जवळ कसं जायचं

उड्या मारणाऱ्या कोळ्यापासून शिका. तो भिंतीवर, कुंडीच्या कडेला सापडतो, जाळं विणून शिकार करत नाही, पाहून झडप घालतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे. तुम्ही जवळ गेलात की तो पळण्याऐवजी पुष्कळदा वळून तुमच्याकडेच बघतो, म्हणून समोरचा चेहरा टिपायला हा सगळ्यात सोपा जीव. त्या मोठ्या डोळ्यांची काच हलत नाही, पण आतली नळी हलते. त्यामुळे काही जातींमध्ये डोळ्याचा रंग क्षणात फिकट, क्षणात काळा होताना दिसतो. कॅमेऱ्याकडे रोखून बघत असेल तेव्हा डोळे काळेभोर दिसतात, बटण तेव्हा दाबा.

बाकीच्यांसाठी: खाली वाका, सावली किड्यावर पडू देऊ नका, गळ्यातला पट्टा झुडपाला लागू देऊ नका. आधी लांबून एक फोटो घ्या, मग थोडं जवळ, मग आणखी जवळ. किडा थबकला तर तुम्हीही थबका. थंडावा देऊन किंवा पाणी मारून किडे सुन्न करू नका. तो जीव आहे, आणि तसा फोटो बघणाऱ्याची दिशाभूलही करतो.

किडा कोणता ते ओळखायचं असेल तर एका सुंदर फोटोवर थांबू नका. वरून, बाजूने, समोरून आणि तो ज्या झाडावर आहे त्याच्या पानाचा, असे चार फोटो घ्या. अळी असेल तर झाडाचा फोटो हवाच, कारण पुष्कळ फुलपाखरं ठरावीक कुळातल्या झाडांवरच अंडी घालतात. उदाहरणार्थ डॅनॉस गटातली फुलपाखरं रुईच्या कुळातल्या झाडांवर. तारीख आणि जागा यांसह हे चारही फोटो २००८ मध्ये सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर एकाच नोंदीत टाका. तिथे जाणकार नाव सुचवतात, आणि पुढच्या वेळी त्या झुडपावर कुणाची वाट पाहायची ते तुम्हाला आधीच ठाऊक असतं.