ग्रामसभेत गांजाचा विषय निघाला तर

'गांजा कायदेशीर करा, शेतकऱ्याच्या हातात पैसा येईल' हे सातपुड्याच्या पायथ्याला पारावर ऐकू येतंच. ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर तयारीनिशी घ्या, नाहीतर तासभर आरडाओरडा होतो आणि इतिवृत्तात एक ओळ उरते.

सध्याचा कायदा एका कागदावर मांडून वाचून दाखवा. 1985 च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्यात लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. 1 किलोपेक्षा कमी माल अल्प, तर 20 किलोपेक्षा जास्त व्यापारी. त्याला किमान 10 वर्षं. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं किंवा बी त्यात मोडत नाही. पंचनाम्यात अख्खी झाडं देठापानांसकट तोलली, की पुढे कोर्टात वजनावरूनच वाद होतो. कपाशीत, तुरीत झाडं दिसूनही जाणूनबुजून गप्प बसणारा जमीनधारक कलम 46 खाली अडकतो, सरपंच आणि पंच कलम 47 खाली. हे ऐकल्यावर पुढच्या रांगेतला आवाज आपोआप खाली येतो.

गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यातली कमी असेल ती. महिला सभा आधी घ्या. ही अट कागदोपत्री उरकू नका, नशेचा खर्च कोणाच्या घरात निघतो ते तिथेच कळतं.

'परवानगी द्यावी' असा ठराव व्यर्थ आहे, कारण परवाना ग्रामपंचायतीच्या हातात नाही. कायदा बदललाच तर गावाच्या अटी काय, ते लिहा.

पहिली अट लागवडीची. शिरपूर तालुक्यात पोलिसांनी उपटलेली पिकं बरीचशी वनजमिनीवरची असतात. उद्या परवाना सातबाऱ्यावर मिळू लागला, तर वनपट्टेवाला किंवा अतिक्रमणधारक बाहेरच राहील आणि फायदा बागायतदाराचा होईल, भाऊ. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला अफूचं काय चालतं ते पाहा: पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, आरीत (हेक्टरच्या शंभराव्या भागात) मोजून मिळतो, माल सरकारच घेतं, ठरलेलं उत्पन्न भरलं नाही तर पट्टा जातो. धाग्यासाठीची भांग आणि औषधी गांजाचं पीक जवळजवळ नको. वाऱ्याने पराग आला की मादी फुलांत बी धरतं आणि मालाचा भाव पडतो.

दुसरी अट दुकानाची. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 2012 ला मतदान झालं, 2014 पासून दुकानं उघडली. पण आपल्या हद्दीत दुकान नको म्हणायचा हक्क तिथल्या शहरांना आणि काउंटींना राहिला. दारूचं दुकान बंद करायच्या 'आडव्या बाटली'च्या मतदानासारखी सोय इथेही मागा. अक्राणी, अक्कलकुव्यासारख्या पेसा गावांत (जिथे आदिवासी भागासाठीचा पेसा कायदा लागू आहे) मादक पदार्थांच्या विक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेकडे आहेच, त्याचा उल्लेख ठरावात करा.

तिसरी, कराची. वाटा गावाला किती आणि कशासाठी, ते लिहून मागा. त्या भरवशावर शाळेची खोली मात्र बांधायला काढू नका. कोलोरॅडोचंही कर-उत्पन्न 2021 नंतर घसरलं.

ठराव सभेतच मोठ्याने वाचा, विरोधी मतंही नोंदवा, प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.