साठीनंतरची बाई लिहिताना: लेखासाठी आणि कादंबरीसाठी

गोव्यातल्या बाईचा उतारवयातला बदल लिहायला घेतला की पहिल्याच पानावर भावना गर्दी करतात. त्यांना थोडं थांबवा. बदल आधी वस्तूंत दिसतो. कपाटाची किल्ली, पासबुक, घरपट्टीची पावती, चवथीच्या सामानाची यादी हे पूर्वी कुणाच्या हातात होतं आणि आता कुणाच्या, ते टिपा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या मासिक मदतीचे, पैसे मिळत असतील तर ते काढायला बँकेत कोण जातं? ती स्वतः जात असेल, तर पहिल्यांदा एकटी कधी गेली? अशा प्रश्नांना खरी उत्तरं येतात. ‘तुम्हाला कसं वाटलं?’ याला फक्त ‘बरं वाटलं’ एवढंच मिळतं, कारण समोरची बाई जन्मभर तेच सांगत आलेली असते.

भेट दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराला ठरवा, स्वयंपाकाची घाई नसते. पहिली बैठक पाऊण तासाची. मुलगा-सून शेजारी बसले तर उत्तरं तेच देतात, म्हणून घरात गर्दी नसेल अशी वेळ मागून घ्या. पहिल्याच वाक्यात ‘आजी’ म्हणू नका. घरातली माणसं काय हाक मारतात ते ऐका, नाहीतर काकी किंवा बाई पुरे. रेकॉर्डिंग विचारूनच सुरू करा आणि फोन दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात शिरतो, आणि जुलैत पत्र्यावरचा पाऊस अर्धी वाक्यं गिळतो. म्हणून वहीही हवीच. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला दोन-अडीच तास धरा, आणि ते त्याच दिवशी उतरवा.

सनावळी विचारू नका, खुणा द्या. ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचा कौल, झाला तेव्हा (१६ जानेवारी १९६७) शाळेत होता की लग्न झालं होतं? पणजीचा मांडवी नदीवरचा पूल कोसळला (५ जुलै १९८६) तेव्हा धाकटा केवढा होता? गोवा घटकराज्य झालं तेव्हा, म्हणजे ३० मे १९८७ ला, घरात कोण कोण होतं? दोन खुणांमधलं अंतर मोजलं की वय आपोआप जुळतं. मग पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या काळातली वर्तमानपत्रं चाळून बघा. बाजारभाव, बसच्या वेळा, नाटकांच्या जाहिराती: प्रकरणाला लागणारी हवा तिथे सापडते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या घराच्या हक्काबाबत. नवऱ्यामागे विधवेला घराबाहेर काढल्याचं कथानक इथे जसंच्या तसं बसवलं की ते कोसळतं. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि अर्धा वाटा तिचा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून हे चालत आलं आहे. म्हणजे तिला हाकलता येत नाही, तिची सही मिळवावी लागते. इथलं नाट्य त्या सहीत आहे: कागद कुणी आणला, वाचून दाखवला का, चष्मा तेव्हा जवळ होता का. लेकीकडून हक्कसोड करून घेण्याचा प्रसंगही असाच. त्यातले बारकावे पणजी-मडगावच्या एखाद्या वकिलाकडून नक्की करून घ्या.

शरीराबाबतही वय सांभाळा. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं मानतात, आणि आपल्याकडे ती बहुधा पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान येते. गरम वाफा पुढेही काही वर्षं राहू शकतात. पण साठीच्या पात्राला रक्तस्राव झाला तर तो प्रसंग ‘वयाचं असतं’ म्हणत पुढे ढकलू नका, तिला डॉक्टरकडे पाठवा. वाचणाऱ्या बायका अशा ओळी खऱ्या धरतात.

लेख हजार शब्दांत आटपा: एक बाई, एक हातबदल, त्यामागचा कायदा किंवा योजना. कादंबरीत तोच हातबदल तीन-चार प्रकरणं लांबवता येतो, आणि तिथे निर्णयापेक्षा आधीची चालढकल अधिक मोलाची.

ओळख लपवताना नुसतं नाव बदलून भागत नाही. वाडा (गावातली वस्ती), नवऱ्याचा धंदा आणि देऊळ एवढं कळलं की अख्खा गाव ओळखतो. लेखात तपशील बदलायचे नसतात, गाळायचे असतात. कादंबरीत तालुका, व्यवसाय आणि मुलांची संख्या तिन्ही बदला.

बोलणं बहुतेक वेळा कोंकणीत होतं आणि छापायचं मराठीत असतं. ‘हांव येना’चं ‘मी काही येणार नाही हो’ केलं की नकाराची धार गेली. जिथे वाक्य छोटं आणि ठाम आहे तिथे कोंकणीच ठेवा. बाकीची अवतरणं मराठी करून झाल्यावर, छापायला देण्याआधी, तिला मोठ्यानं वाचून दाखवा. ती ज्या शब्दापाशी ‘असं न्हय’ म्हणेल, तो तिथेच, तिच्यासमोर बदला.